झाडांचा मार्च एण्ड

मार्च एण्ड म्हणजे काय, हे तुम्हाला मी कशाला सांगू? टार्गेट, टॅक्सची कागदपत्रं, अप्रेझलचा फॉर्म, बॉसचं वाकडं तोंड आणि रात्री उशिराची कल्याण स्लो. पण दोस्तहो, नेमक्या याच दिवसांत आपल्या बिल्डिंगखाली आणखी एक मंडळी आपली खाती मिटवत असतात. पिंपळ, देशी बदाम, कडुनिंब, रेन ट्री, सोनमोहोर... सगळ्यांचं क्लोजिंग एकदम जोरात!

आणि हे मी कवितेच्या मूडमध्ये म्हणत नाहीये हं. पान गाळण्याआधी झाड अक्षरशः हिशोब करतं. पानातला नत्र आणि स्फुरद हा महागाचा माल. त्यातला साधारण निम्मा झाड परत फांदीत ओढून घेतं. हिरवा रंग उतरतो, पिवळा उघडा पडतो, बदामात तर लाल चढतो. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर तयार होतो आणि पान सुटतं. आपल्या भाषेत सांगायचं तर फुल अँड फायनल सेटलमेंट. लॅपटॉप जमा, आयकार्ड जमा, या आता!

हिंदी सिनेमाने आपल्याला पानगळ म्हणजे काश्मीर, चिनार आणि स्वेटर घातलेली हिरोइन एवढंच शिकवलंय. आपली पानगळ ऑक्टोबरात येतच नाही, ती शिशिरात येते. माघ-फाल्गुनात सुरू होते आणि चैत्रपालवी फुटेपर्यंत चालते. स्वेटर नाही, उलट घाम असतो. पण सकाळचं ऊन तिरपं असताना लाल झालेल्या बदामाखाली एकदा उभं राहून बघा. चिनार पाणी भरेल! आणि बदाम इतका दिलदार, की हा शो वर्षातून दोनदा करतो.

मग या सगळ्या शोचं आपण काय करतो? साडेसहाला खराटा, पावणेसातला ढीग आणि सातला काडेपेटी. पाला नीट पेटत नाही, धुमसतो. धूर जिन्यातून वर चढत तिसऱ्या मजल्यावर येतो. ज्यांच्याकडे दम्याचा पंप आहे ते तो शोधायला लागतात, बाकीचे खिडकी लावून घेतात आणि लोकल पकडायला पळतात. विषय संपला!

आमच्याकडे मात्र गेल्या वर्षी विषय संपला नाही. तो थेट झाडाच्या बुंध्यापर्यंत गेला.

बदाम हटाव

आमची सोसायटी कल्याण पश्चिमेला. चार मजले, लिफ्ट नाही. गेटजवळ एक देशी बदाम आणि मागच्या भिंतीला लागून एक रेन ट्री. गेल्या वर्षी जानेवारीत नोटीस बोर्डवर एक कागद लागला. गेटजवळच्या बदामामुळे होणारा कचरा लक्षात घेता सदर झाड तोडण्याच्या परवानगीसाठी अर्ज करण्याचे योजिले आहे, हरकती असल्यास कळवाव्यात, वगैरे. शहरात झाड तोडायचं तर १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. म्हणजे प्रोसिजर अगदी बरोबर होती. खटकत होतं ते कारण. कचरा!

मी सेक्रेटरी काकांकडे गेले. काका अजिबात व्हिलन नाहीत. रिटायर्ड, हिशोबाला पक्के, गणपतीची वर्गणी सगळ्यांच्या आधी देणारे.

"हे बघ," ते म्हणाले, "झाडाशी माझं काही भांडण नाही. पण सीझनला रोज पोतंभर पाला पडतो. गटाराच्या तोंडाशी अडकतो आणि पहिल्या पावसाला गेटमध्ये पाणी तुंबतं. झाडणारे मामा जास्त पैसे मागतात, तेही बरोबरच आहे. जाळला तर सगळ्यात आधी तूच तणतणत खाली येतेस. मग ठेवायचा कुठे, सांग?"

प्रश्न रास्त होता. 'झाडे लावा, झाडे जगवा' छाप घोषणा देऊन तो सुटणार नव्हता. मी म्हटलं, "काका, एक सीझन द्या. पाला माझा. दिवाळीपर्यंत त्याचं एकही पोतं गेटबाहेर जाणार नाही आणि काडी लागणार नाही. नाही जमलं तर त्या अर्जावर पहिली सही माझी."

काकांनी चष्मा काढला. "लिहून दे."

दिलं लिहून!

पाल्यासाठी भांडलेला जिल्हा

या डेअरिंगमागे कुठलाही कोर्स नव्हता, आजोळ होतं. माझं आजोळ मुरबाडच्या बाजूला. तिथे पाल्याला कोणी कचरा म्हणत नाही. तिथे तो राबाचं सामान असतो.

राब म्हणजे आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या भातशेतीचा जुना रिवाज. शेताच्या ज्या तुकड्यात भाताचं रोप करायचं, तो तुकडा पावसाआधी भाजायचा. खाली शेण, त्यावर झाडांचा टहाळ आणि पाला, मग गवत-पेंढा आणि वरून बारीक माती. भडका उडू द्यायचा नाही, हळूहळू धुमसू द्यायचं. तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतो, माती भुसभुशीत होते. मग पाऊस लागला की पेरणी, आणि तीन-चार आठवड्यांत रोप लावणीला तयार. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्येही राबाची नोंद आहे.

आता खरी गंमत ऐका. या टहाळावरून आपल्या जिल्ह्याने इंग्रज सरकारशी रीतसर पंगा घेतलाय! १८७८ चा जंगल कायदा आला, जंगलं राखीव व्हायला लागली आणि राबासाठी फांद्या छाटण्यावर बंधनं आली. ठाणे आणि कुलाबा (म्हणजे आजचं रायगड) या दोन जिल्ह्यांतून एवढी ओरड झाली, की सरकारला चौकशीसाठी बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७ चा. विचार करा, पाल्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न एका सरकारी कमिशनपुढे! आणि त्याच जिल्ह्यातले आपण, पाला ठेवायचा कुठे म्हणून झाडच तोडायला निघालोय.

त्यात आणखी एक चिमटा. राबासाठी ज्या झाडांचा टहाळ पसंत केला जायचा, त्यात ऐन पुढे. आणि वनस्पतिशास्त्राच्या वहीत ऐन आणि आमच्या गेटवरचा बदाम चक्क भाऊबंद आहेत. टर्मिनेलिया हे दोघांचं आडनाव!

तुम्ही म्हणाल, राबात तरी काय, पाला जाळतातच ना? जाळतात. पण राख त्याच शेतात राहते. तरीसुद्धा जळताना पाल्यातला कर्ब आणि बहुतेक नत्र हवेत उडून जातो, हे आहेच. म्हणून तर शेतीतही आता वेगळा विचार सुरू आहे. आपल्याच कर्जत लाइनवर, नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी 'सगुणा राइस टेक्निक' म्हणजे एसआरटी विकसित केली. त्यात चिखलणी नाही, लावणी नाही, त्यामुळे राबाचीही गरज नाही. गादीवाफ्यावर थेट बी टोकायचं, आणि कापणीनंतर भाताची मुळं उपटायची नाहीत, जमिनीतच कुजू द्यायची. मुळं कुजतात, गांडुळं येतात, मातीतला सेंद्रिय कर्ब वाढतो. जे झाडाने-रोपाने दिलं ते जागच्या जागी मातीला परत, एवढा साधा फंडा.

मी मामाला फोन लावला. "मामा, पाला जाळायचा नाही, कुजवायचाय. पोत्यात. कसं करू?"

मामा हसला. "अगं पोरी, त्यात काय शिकायचं? ओला ठेव आन् विसरून जा."

आपल्यासारख्या नोकरदारांसाठी याहून सोपी रेसिपी कोणती?

विसरून जा, पण समजून घेऊन

ऑफिसात कुठलीही गोष्ट समजून घेतल्याशिवाय साइन-ऑफ देत नाही ना आपण? मग हेही समजून घ्या.

स्वयंपाकघरातला ओला कचरा मुख्यतः जिवाणू कुजवतात. तो तापतो, पटापट खाली बसतो आणि लक्ष दिलं नाही तर वासही मारतो. सुका पाला वेगळा. त्यात लिग्निन नावाचा चिवट पदार्थ असतो, आणि तो फोडायचं काम बुरशीचं. बुरशीला घाई नसते. ती थंड डोक्याने, बिनवासाची, महिनोन् महिने काम करते. (अशी एक व्यक्ती प्रत्येक ऑफिसात असते. सगळं काम तीच करते आणि प्रमोशन दुसऱ्याला मिळतं!)

थोडं गणितही. चांगलं कुजण्यासाठी नत्राच्या एका भागाला कर्बाचे २५ ते ३० भाग लागतात. भाजीच्या देठा-सालांत कर्बाचं हे प्रमाण साधारण १५ ते २०, म्हणजे नत्र जास्त. सुक्या पाल्यात ते ५० च्या आसपास किंवा त्याहूनही वर, म्हणजे कर्ब जास्त. म्हणून नुसता ओला कचरा घाण वास मारतो आणि नुसता पाला ढिम्म बसून राहतो. दोघांची पत्रिका मात्र झकास जुळते. घरी कंपोस्टचा डबा असेल तर एक भांडं ओल्या कचऱ्यावर दोन-तीन भांडी चुरलेला पाला टाकायचा. वास गायब!

आणि पाल्याच्या खताकडून नको त्या अपेक्षा ठेवू नका. नत्र-स्फुरदाचा अर्धा माल झाडाने आधीच काढून घेतलाय, आठवतंय ना? त्यामुळे हे काही रोपांचं टॉनिक नव्हे. त्याचं काम मातीला बरं करण्याचं. आपण नर्सरीतून पिशवीत लाल माती आणतो. चार वेळा पाणी घातलं की ती विटेसारखी घट्ट बसते. वरून घातलेलं पाणी कडेने खाली ताटलीत, मुळं कोरडी ती कोरडीच. आपण सकाळी साडेसातला घर सोडतो, रात्री साडेआठला परततो, तोवर मेथीने मान टाकलेली. कुजलेला पाला या मातीत मिसळला की ती स्पंजासारखी पाणी धरते, मोकळी राहते, मुळांना हवा मिळते. गांडुळांना आणि सूक्ष्म जीवांना खायला मिळतं ते वेगळंच. कुंडीतली भाजी जगणार की मरणार, हे बऱ्याचदा त्या तेरा तासांत ठरतं, आणि तिथेच हा पाला कामाला येतो.

एक सावधगिरी मात्र हवी. न कुजलेला सुका पाला मातीत पोटभर कालवायचा नाही. तो कुजवण्यासाठी सूक्ष्म जीव मातीतलाच नत्र उचलतात आणि तुमची मिरची पिवळी पडते. सुका पाला मातीच्या वर पसरायचा, कुजलेला आत मिसळायचा. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

होळी ते दिवाळी

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आमचं प्रोजेक्ट सुरू झालं. टीम म्हणजे मी, दुसऱ्या मजल्यावरची बारावीची परीक्षा संपायची वाट बघणारी एक मुलगी, आणि झाडणारे मामा. मामांशी पैसे आधी ठरवले. समाजसेवा आपण करायची आणि घाम त्यांनी फुकटात गाळायचा, हे मला मान्य नव्हतं. मामा म्हणाले, "ताई, प्लास्टिक येगळं काढून देतो, पन पोती तुमी आना."

पोती म्हणजे साधं बारदान. किराणावाल्याकडे मिळतं. तागाचं पोतं हवा आणि पाणी दोन्ही येऊ-जाऊ देतं, पण पावसात ते स्वतःच कुजायला लागतं. म्हणून निम्मी तागाची घेतली आणि निम्मी सिमेंटची रिकामी, झटकून-धुऊन, चारी बाजूंनी भोकं पाडलेली.

पहिला कार्यक्रम निवडण्याचा. गुटख्याच्या पुड्या, वेफर्सची पाकिटं, सिगारेटची थोटकं, संक्रांतीचा उरलेला मांजा... पाल्यात काय काय निघालं म्हणून सांगू! ते सगळं बाहेर. रोग पडलेली, चिकट पानंही बाहेर.

दुसरा कार्यक्रम चुरण्याचा. सगळी पानं सारखी नसतात. रेन ट्री, गुलमोहर, सोनमोहोर यांची बारीक पानं लवकर कुजतात. बदाम, आंबा, फणस, वड यांची जाड, चामड्यासारखी पानं वेळ खातात. ती उन्हात कडक वाळवायची आणि पोत्यात घालून वरून नाचायचं. खरंच नाचायचं! बारावीवालीने गाणी लावली आणि वीस मिनिटांत बदामाचा चुरा. जिमची फी वाचली.

तिसरा कार्यक्रम भिजवण्याचा. चुरा बादलीतल्या पाण्यात बुडवून काढायचा आणि भरायचा. वरवर शिंपडलेलं पाणी पानांवरून घरंगळून जातं. ओल किती हवी? मूठभर पाला हातात घेऊन दाबा. एखाददुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर जास्त. प्रत्येक पोत्यात ओंजळभर तयार कंपोस्ट किंवा शेणकाला घातला की झालं विरजण. मग तोंड बांधून, विटांवर ठेवून, सावलीत रांगेने उभी.

त्यानंतर खरोखरच विसरून जायचं. एप्रिल-मेमध्ये आठवड्याला एकदा हात घालून ओल बघायची, कारण कल्याणच्या उन्हात पाला वाळला की काम बंद पडतं. मुंग्या झाल्या तर समजायचं पाणी कमी पडलंय. आंबूस वास आला तर समजायचं जास्त झालंय, मग काठीने ढोसून हवा द्यायची. आत पांढरे धागे दिसले तर घाबरू नका, तीच ती कामसू बुरशी. फक्त ज्यांना दमा आहे त्यांनी पोतं उघडताना मास्क लावा. आणि जून लागला की पावसाने ड्यूटी घेतली. पाणी फुकट, देखरेख फुकट!

एप्रिल संपेपर्यंत आम्ही चाळीसेक पोती पाला गोळा केला. चुरून, तुडवून तो अकरा पोत्यांत आणि मागच्या भिंतीशी तारेच्या जाळीचा तीन फूट रुंद गोल केला होता त्यात बसला. एक पान जाळलं नाही. पहिल्या पावसात गटाराचं तोंड मोकळं होतं, आणि गेटमध्ये पाणी तुंबलं नाही. काका छत्री घेऊन स्वतः बघून आले. बोलले काही नाहीत, पण बघून आले!

काडी लावण्याआधी

पाला जाळणं हा निव्वळ शेजाऱ्याला त्रास देण्याचा मामला नाही. अर्धवट जळणाऱ्या पाल्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि अगदी बारीक कण निघतात. ते थेट फुप्फुसात खोलवर जातात. उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घालणारा राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश आला तो २२ डिसेंबर २०१६ ला. साध्या प्रकरणाला ५ हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५ हजार रुपये भरपाई, असं त्यात म्हटलं होतं. घनकचऱ्याची अल्मित्रा पटेल यांची जी लढाई १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टात सुरू झाली, तिचाच हा पुढचा टप्पा. एका बाईने वीस वर्षं पाठपुरावा केला!

आणि कचऱ्याची किंमत काय असते, हे कल्याणकरांना कोणी शिकवायची गरज नाही. कचऱ्याची धड विल्हेवाट लागत नाही म्हणून २०१५ मध्ये हायकोर्टाने कल्याण-डोंबिवलीतल्या नव्या बांधकामांना मनाई केली होती, ती पुढच्या वर्षी उठली. त्या काळात फ्लॅट बुक करायला निघालेल्यांना विचारा. आधारवाडीच्या डोंगराचा वास ज्यांनी वर्षानुवर्षं सहन केला, त्यांना तर तो २०२१ मध्ये बंद झाला तेव्हा सण वाटला असेल. अशा शहरात जो माल कचरा नाहीच, तो कचऱ्यात ढकलायचा म्हणजे आपल्याच पायावर धोंडा.

गच्चीवरचे गुरू

हे सगळं आम्हीच पहिल्यांदा केलं, असं कुणाला वाटायला नको. आपल्या सीएसएमटीच्या बाजूलाच, तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये केटरिंग ऑफिसर असलेल्या प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास सेंट्रल किचनच्या गच्चीवर बाग सुरू केली. किचनचा ओला कचरा आणि सुका पाला एकत्र आला आणि गोदीच्या गच्चीवर भाज्या-फळं पिकली. तीही नोकरी सांभाळून! पुढे त्यातूनच 'अर्बन लीव्हज' हा ग्रुप उभा राहिला.

त्याही आधी कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर होते. मूळचे गणिताचे शिक्षक, 'प्रयोग परिवार'चे जनक, 'विपुलाच सृष्टी' लिहिणारे. पाला भिजवून, मातीचे पातळ थर देऊन जिवंत माती तयार करायची, ही त्यांच्या प्रयोगांची दिशा. विदर्भातले सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्या शेतीच्या चार खांबांपैकी एक खांब म्हणजे आच्छादन, म्हणजे जमीन पाल्यापाचोळ्याने झाकून ठेवणं. पद्धतींमध्ये फरक असतील, वादही असतील. पण उघडी माती बरी नव्हे, यावर सगळ्यांचं एकमत.

आणि पुण्यात २०१६ मध्ये अदिती देवधर यांनी 'ब्राउन लीफ' सुरू केलं, ते तर आपल्या पिढीला शोभणारं. ज्यांच्याकडे पाला आहे आणि बाग नाही ते एकीकडे, ज्यांच्याकडे बाग आहे आणि पाला नाही ते दुसरीकडे. दोघांची गाठ घालून द्यायची, बस्स. पोती या दारातून त्या दारात. इथे आपण कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला वैतागतो, पण ही स्थळं बघण्यात मजा आहे!

सभेतली बादली

सोसायट्यांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. आमचीही झाली. विषयपत्रिकेवर सातवा विषय, बदाम. मी खाली जाऊन बारीक पानांचं एक पोतं उघडलं. सहा महिन्यांत ते गुडघ्यापर्यंत बसलं होतं. वरचा थर अजून ओळखू येत होता, खाली मात्र चहाच्या चोथ्यासारखी काळी, मऊ माती. बादलीभर घेतली आणि सभेत टेबलावर ठेवली. भाषण केलं नाही.

तळमजल्यावरच्या काकूंनी आधी हात घातला. "वास नाही गं याला!" त्यांनी एक कुंडीभर मागितली. मग चौथ्या मजल्यावरच्यांनी मागितली. मग वाटप कसं करायचं यावर जी चर्चा रंगली, ती बजेटपेक्षा जास्त वेळ चालली. बदामाखाली ज्यांची गाडी लागते ते काका शेवटपर्यंत विरोधात होते, आणि बॉनेटवर पक्ष्यांचा प्रसाद पडतो हा त्यांचा मुद्दा मला खोडता आला नाही. त्यांना पार्किंगची दुसरी जागा देऊन तो सुटला.

अर्ज मात्र कोणी फाडला नाही हं. 'तूर्त स्थगित' असा शेरा मारून तो फाइलला लागलाय. सेक्रेटरी काकांनी मला दाखवला. "पुढच्या सीझनला पोती कमी पडली, तर हा आहेच."

दिवाळीत बाकीची पोती उघडली. अकराची अडीच झाली होती. बदामाची जाड पानं अजून कच्ची होती, ती चाळून परत पोत्यात गेली. तयार खत, नर्सरीची लाल माती आणि घरचं कंपोस्ट समान भाग. मागच्या भिंतीशी आठ क्रेट. मेथी, मुळा, पालक, टोमॅटो. वरून दोन बोटं सुक्या पाल्याचं आच्छादन. पहिली मेथी निघाली ती जुडीभरच. कल्याणच्या मार्केटमध्ये पिशवी भरून मिळेल एवढ्या मेहनतीत. पण मी रात्री साडेआठला घरी आले तेव्हा तिने मान टाकलेली नव्हती. आणि आज सकाळी बदामाने नव्या सीझनचं पहिलं लाल पान गेटवर टाकलं. बारावीवाली आता कॉलेजला जाते, तिने लगेच ग्रुपवर मेसेज टाकला: पोती किती आणायची?

तुमच्या बिल्डिंगसाठी झटपट

फेब्रुवारी-मार्च: पाला गोळा करा, प्लास्टिक काढा, वाळवून चुरा. झाडणाऱ्या माणसाचे पैसे आधी ठरवा.

होळी: पोती भरा. होळीत पाला घालू नका, तो आपला भिडू आहे.

एप्रिल-मे: ओल तपासा. गच्चीतल्या कुंड्यांवर दोन बोटं सुका पाला पसरा, रोपाच्या बुंध्याला चिकटू देऊ नका.

जून ते सप्टेंबर: पोती विटांवर, भोकं मोकळी. कुंड्यांवरचा पाला कमी करा, नाहीतर गोगलगाईंची पार्टी.

दिवाळी: चाळा, वाटा, मेथी पेरा. कच्चं राहिलेलं पुढच्या वर्षाचं विरजण.

जागाच नसेल तर? एका पोत्याला दोन बाय दोन फुटांची जागा लागते. आपण ट्रेडमिलला त्याहून जास्त देतो, आणि तिच्यावर टॉवेल वाळत घालतो!